सोमवारी अजिंठा बंद असतो

रविवारी रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी साहेबांचा फोन आला. त्या वेळेला साहेबांचा फोन म्हणजे एक तर कोणाची तरी बदली, नाहीतर विधानसभेत तारांकित प्रश्न. मी ओटा पुसायचं फडकं खांद्यावर टाकून फोन घेतला.

"मॅडम, अजिंठा सोमवारी बंद असतो?"

"हो सर."

"आणि उद्या सोमवार आहे?"

"हो सर."

"आणि आपला कार्यक्रम उद्या अजिंठ्याचा आहे?"

"हो सर."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"सर, कागद मंजूर होऊनच माझ्याकडे आला. वर चार सह्या होत्या."

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येईना. चार सह्यांच्या कागदावर अजिंठा सोमवारीही उघडा असतो, ही समज आमच्या कार्यालयात शिपायापासून सगळ्यांना आहे. अजिंठा सोमवारी बंद नि वेरूळ मंगळवारी बंद, ही समज संभाजीनगरच्या स्टँडवरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला आहे. या दोन्ही समजुती एकाच माणसात एकत्र आल्या की त्याची पदोन्नती अडकते.

"एक काम करा," साहेब म्हणाले. "उद्या वेरूळ करा, परवा अजिंठा. बाकी काही बदलू नका."

आता ते 'बाकी' काय होतं, ते सांगायला हवं. परदेशातून सहा पाहुणे येणार होते. कोणी सहली नेणारे, कोणी प्रवासावर लिहिणारे. त्यांनी आपला भाग बघायचा आणि परत जाऊन आपल्या लोकांना इकडे धाडायचं, अशी ती योजना. त्यासाठी महिनाभर खपून एक 'मिनिट टू मिनिट' तयार झालं होतं. सरकारी नोकरीत नसलेल्यांसाठी: मिनिट टू मिनिट म्हणजे कोणत्या मिनिटाला कोण काय करणार याचा तक्ता. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी तो करतात. मंत्री तो कधीच पाळत नाहीत, त्यामुळे तो बरोबर होता की चूक हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

खरं तर मी लेखा शाखेत आहे. बिलं तपासते, त्रुटी काढते, परत पाठवते. पाहुण्यांबरोबर जायचं काम ज्यांचं, त्यांच्यातले एक मतदारयादीच्या कामाला जुंपले गेले होते, दुसऱ्यांच्या पुतणीचं लग्न होतं आणि तिसरं पद रिक्त होतं. ते मी नोकरीला लागायच्या आधीपासून रिक्त आहे. माझं नाव पुढे आलं कारण गेल्या २६ जानेवारीला मी स्टेजवरून दोन वाक्यं इंग्रजीत बोलले होते. त्यातलं एक 'गुड मॉर्निंग' होतं.

आठवडाभर मी अजिंठा पाठ केला. पोळ्या लाटताना, बसमध्ये, आंघोळ करताना. तीस लेणी, वाघूर नदीचा घोड्याच्या नालेसारखा वळसा, एक नंबरमध्ये पद्मपाणी, सव्वीसमध्ये महापरिनिर्वाण, १९८३ साली जागतिक वारसा. पण माझा लाडका भाग जॉन स्मिथचा. मद्रासच्या घोडदळातला हा गोरा अधिकारी २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीला आला आणि झाडोऱ्यातून त्याला लेण्याची कमान दिसली. पुढे त्यानं काय करावं? दहा नंबरच्या लेण्यात शिरून खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली. सहलीला आलेल्या ज्या पोरांना आपण 'भिंतीवर लिहू नका' म्हणून दटावतो, त्यांचा हा मूळपुरुष. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग होता, त्यावर उभं राहून त्यानं सही केली. पुढे ढीग काढला, सही मात्र डोक्याच्या वर राहून गेली.

हे मी स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणत होते, तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या.

"आणि वाघ?" त्यांनी विचारलं.

"वाघाचं काय आई?"

"सापडला का त्याला?"

"ते दिलेलं नाही."

"मग काय वाचतेस एवढं?"

असं सगळं तयार असताना रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी माझा अख्खा अजिंठा एका दिवसानं पुढे गेला. वेरूळ मी शेवटचं पाहिलं होतं सातवीच्या सहलीत, आणि त्यातली मला आठवत होती ती बटाट्याची भाजी.

सकाळी विमानतळावर पोचले तर शिपाई मामा बॅनर धरून उभे. 'अजिंठा येथे हार्दिक स्वागत' मधल्या 'अजिंठा'वर त्यांनी पांढरा कागद चिकटवून स्केचपेननं 'वेरूळ' लिहिलं होतं. वास्तविक दोन्ही ठिकाणं विमानतळावर नव्हती, पण ते त्यांच्या मिनिटांत बसत नव्हतं.

तक्त्यात पुढे असं होतं: ०८.१० औक्षण व श्रीफळ. ०८.१८ फेटे. ०८.२६ प्रयाण. म्हणजे आठ मिनिटांत सहा फेटे. हा हिशेब ज्यानं केला त्यानं बहुधा टोपीचा केला असावा. फेट्याचं कापड असतं आठ-नऊ मीटर आणि डोकं असतं जिवंत. स्पेनची जी जोडी होती ती व्हिडिओ करणारी, त्यामुळे फेटा बांधताना ती आपापलं डोकं वळवून एकमेकांच्या फेट्याचं चित्रण करत होती, आणि फेटेवाले त्यांच्याभोवती मेरी-गो-राउंडसारखे फिरत होते. जर्मन काका साडेसहा फुटांचे. त्यांच्यासाठी फेटेवाल्यांना सामानाच्या ट्रॉलीवर उभं राहावं लागलं आणि ट्रॉली मामांनी धरून ठेवावी लागली. काकांना आपण किती छान दिसतो हे मोबाइलच्या काचेत दिसलं आणि त्यांनी त्या क्षणी मनाशी काहीतरी ठरवलं. तो फेटा रात्री आठपर्यंत त्यांच्या डोक्यावरून उतरला नाही.

श्रीफळाचं वेगळंच झालं. शाल-श्रीफळ द्यायचं असा मूळ प्रस्ताव होता. शालीला तीन कोटेशन मागवली, तिन्ही जास्त आली, म्हणून शाल वगळून श्रीफळ राहिलं. फ्रान्सच्या बाईंनी नारळ दोन्ही हातांत घेतला, उलटा करून पाहिला, तीन डोळ्यांकडे बघितलं आणि मला विचारलं, "हा आत्ता खायचा की नंतर?"

मी म्हटलं, "हा खायचा नाही. हा आदर आहे."

माझ्या इंग्रजीत आदराला एकच शब्द होता, तो मी वापरला. बाईंनी मान डोलावली आणि तो आदर तान्ह्या बाळासारखा काखेत धरून गाडीत बसल्या. बाकीच्यांनी आपापला आदर मागच्या सीटखाली ठेवला. पुढे दिवसभर प्रत्येक वळणावर तो इकडून तिकडे गडगडत होता.

गाडीचे चाचा पंचवीस-तीस वर्षं टुरिस्ट लाइनला आहेत. सात-आठ भाषांत त्यांना 'बसा', 'हळू' आणि 'टॉयलेट' म्हणता येतं, आणि यापलीकडे माणसाला प्रवासात भाषा लागत नाही असं त्यांचं मत आहे. मी तक्ता काढून "चाचा, आपण पंचवीस मिनिटं लेट आहोत" म्हटल्यावर ते आरशातून बघत म्हणाले, "मॅडम, टेन्शन नक्को लेव. वो कागज अजंठे का है ना? अजंठा सौ किलोमीटर, वेरूल तीस. अपने पास तो टाइम इच टाइम है."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जाण्यातच सत्तर किलोमीटर वाचले होते. बाकी काही बदलायचं नाही म्हणजे ते सत्तर किलोमीटर खर्च करणं भाग होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे अखर्चित अनुदान आलं होतं आणि मार्चएंडला लोक ते जसं उडवतात तसं मी ते दौलताबादच्या आतच उडवून टाकलं.

किल्ला मूळ तक्त्यात नव्हता. स्पेनच्या जोडीला मात्र दिसला तो किल्ला नव्हे, रस्त्याकडेची पेरूवाली. डिसेंबरचे दिवस, टोपल्या भरलेल्या. "स्टॉप!" म्हणून दोघं ओरडली. मावशींनी पेरू चिरून तिखटमीठ लावलं आणि सहाही जण रस्त्याकडेला उभं राहून पेरू खाऊ लागले. समोर देवगिरीचा डोंगर. मला वाटलं, चला, इतिहास सांगू. म्हटलं, दिल्लीच्या सुलतानानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून इथं आणली आणि काही वर्षांनी परत नेली. जर्मन काकांनी विचारलं, "का?" शाळेत आम्हाला महंमद तुघलक वेडा होता असं शिकवलं होतं, मीही इतकी वर्षं तसंच मानत होते. पण हातात तो खाडाखोड केलेला तक्ता धरून उभी असताना मला त्या माणसाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. बिचाऱ्याच्या कागदावरही चार सह्या असणार.

मग माझ्यातली लेखा शाखा जागी झाली. "मावशी, पावती मिळेल का?"

"कशाची?"

"पेरूची."

मावशींनी आधी माझ्याकडे, मग पेरू खाणाऱ्यांकडे पाहिलं. "खाल्ला नव्हं? मग आता कशाला पावती?"

मी माझ्या डायरीच्या पानावर 'पेरू, रु. १८०, मिळाले' असं लिहून त्यांच्यापुढे धरलं. मावशींनी सही केली. अतिशय सुंदर, वळणदार सही. साहेबांच्या सहीपेक्षा पुष्कळ बरी, निदान नाव तरी वाचता येत होतं.

त्यानंतर घाटातला तो जुना दरवाजा. त्यातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्या ट्रॅक्टरनं माझं उरलेलं सगळं अनुदान खाल्लं.

वेरूळच्या खिडकीवर दराचा फलक आहे. भारतीयांना ४० रुपये, परदेशी पर्यटकांना ६००. तिकिटं आमचं कार्यालय काढणार होतं, पाहुण्यांच्या खिशाला तोशीस नव्हती, तरी जर्मन काकांनी फलक वाचला आणि मनातल्या मनात भागाकार केला. हिशेबाचा माणूस मी लांबून ओळखते.

"पंधरा पट," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "पण फेटा फुकट होता."

काकांनी फेट्याला हात लावून पाहिला आणि हिशेब मान्य केला.

आत गाइड उभे होते. यादीत साहेबांनी सगळ्यात आधी 'जपान' वाचलं होतं, म्हणून त्यांनी जपानी येणारे गाइड बोलावले होते. यादीत पुढे अजून चार जण आहेत, हे दुसऱ्या पानावर होतं. जपानचं जोडपं सत्तरीचं, अगदी शांत. बौद्ध यात्रेकरूंच्या सहली आणण्याचा त्यांचा छोटा व्यवसाय होता. गाइड फार अभ्यासू माणूस, सुरेख जपानी बोलणारा, पण इंग्रजीत अडखळणारा. तेव्हा जागेवर अशी व्यवस्था ठरली: गाइडनी जपानी जोडप्याला जपानीत सांगायचं, मला मराठीत सांगायचं आणि मी उरलेल्या चौघांना इंग्रजीत सांगायचं.

वेरूळात शिरलं की समोरच सोळा नंबर, कैलास. गाइड जपानीत सहा मिनिटं बोलले. हात वर, खाली, मधे एकदा वाकून. जपानी आजी-आजोबा तल्लीन. मग माझ्याकडे वळून मराठीत दोन मिनिटं: राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, अख्खं देऊळ एका कातळातून, वरून खाली कोरलेलं, आधी शिखर आणि शेवटी पाया, अंदाजे दोन लाख टन दगड काढला असावा. शिवाय एक जुनी कथा: राणीनं नवस केला की देवळाचा कळस बघेपर्यंत अन्न घेणार नाही. आता देवळाचा कळस म्हणजे काही वर्षांची निश्चिंती. राजा घाबरला. मग पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि म्हणाला, आठवड्यात दाखवतो. त्यानं वरूनच सुरुवात केली. कळस झाला, राणी जेवली, बाकीचं सावकाश.

मी चौघांकडे वळले आणि म्हटलं, "व्हेरी ओल्ड. वन स्टोन. टॉप टू बॉटम. क्वीन वॉज हंग्री."

चौघं वाट बघत राहिले. यात आणखी काही असणार अशी त्यांची खात्री होती. मी मागे वळले तर गाइड जपानी जोडप्याला घेऊन ओवरीकडे निघालेले. समोर तो डोंगराएवढा कैलास आणि आठ डोळे माझ्यावर. त्या शांततेत माझ्या तोंडून, आठवडाभर घोकलेलं, बसमधलं, पोळ्या लाटतानाचं, आपोआप सुरू झालं.

"ऑन ट्वेंटी एट एप्रिल एटीन नाइन्टीन, अ ब्रिटिश ऑफिसर, जॉन स्मिथ, केम हिअर टु हंट अ टायगर."

एकदा सुरू झालं ते थांबेना. झाडोरा आला, कमान आली, दहा नंबरच्या लेण्यातली खांबावरची सही आली, खालचा ढीग आला. इंग्रजी इतकं अस्खलित की मला माझाच अभिमान वाटला. स्पेनची जोडी चित्रण करत होती. फ्रेंच बाई नारळ काखेत धरून वहीत टिपत होत्या. बोलताना माझ्या लक्षात आलं की जपानी आजी ओवरीतून मागे आल्या आहेत आणि खांबाआड उभ्या राहून ऐकताहेत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडे बघून नुसतं हसले. त्याही हसल्या.

मग जालन्याकडची एक शाळा आली. एकशे चाळीस मुलं, दोन ओळींत, पुढे शिट्टीवाले सर. कैलासाच्या अंगणात शिरेपर्यंत ओळी होत्या. जर्मन काका दिसताच त्या विस्कटल्या.

"नवरदेव! नवरदेव!"

साडेसहा फूट, गुलाबी चेहरा, भगवा फेटा. काकांना पोरांनी घेरलं. "व्हॉट इज युवर नेम?" काकांनी नाव सांगितलं. पुढच्यानं विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" काकांनी सांगितलं. मी मोजत होते. एकसष्टाव्या वेळी काकांचा आवाज बसला. पण शाळेत इंग्रजीचा जो एक प्रश्न खात्रीनं येतो तो विचारायची संधी प्रत्येकाला मिळायला हवी, या मताचे ते सर होते. ते शिट्टी वाजवून प्रत्येकाला पुढे करत होते. रावण कैलास हलवतोय ते शिल्प मुलांच्या पाठीमागे होतं. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. बाराशे वर्षं तो दगडी रावण पर्वत हलवतोय आणि एका फेट्यानं त्याचं गिऱ्हाईक पळवलं.

एका मुलीनं फ्रेंच बाईंना मराठीत विचारलं, "पूजा करायचीय का?" बाईंना अर्थातच कळलं नाही. मुलीनं त्यांच्या हातातून नारळ घेतला, कानाशी हलवला, समाधानानं मान डोलावली आणि बाईंच्या कानाशी हलवून दाखवला. आतलं पाणी खळखळलं. बाईंचे डोळे एवढे झाले. सकाळपासून आपण काय घेऊन फिरतोय याचा त्यांना पहिल्यांदा पत्ता लागला होता. मग त्यांनी तो जर्मन काकांच्या कानाशी नेला, स्पेनच्या कानाशी नेला, आणि कैलासाच्या अंगणात हत्तींच्या रांगेपुढे चार परदेशी माणसं आणि सातवी ब मिळून एक नारळ ऐकत उभी राहिली.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "कुठे आहात?"

"कैलासात, सर."

"तक्त्याप्रमाणे तुम्ही आत्ता जेवायला पाहिजे."

"कळस झाल्यावर जेवतो, सर," मी म्हटलं. साहेबांना कथा माहीत नव्हती.

दहा नंबरला गेलो. याला विश्वकर्मा लेणं म्हणतात, गावातले लोक सुतार की झोपडी. छताला दगडी फासळ्या कोरल्या आहेत, अगदी लाकडी तुळयांसारख्या. दगड असून लाकडाचं सोंग इतकं हुबेहूब की हात लावून बघावंसं वाटतं. जपानी आजोबा बुद्धासमोर खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. गाइडही बोलायचे थांबले. एकूण दिवसातली ती पाच मिनिटं तक्त्यात नव्हती आणि त्यांचं बिलही नव्हतं.

मागून कुजबुज ऐकू आली. बघते तर स्पेनची जोडी मोबाइलचा उजेड टाकून एकेक खांब तपासत होती. जर्मन काका आपल्या उंचीचा फायदा घेऊन वरचा भाग बघत होते.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"स्मिथ," ते म्हणाले. "दहा नंबर. डोक्याच्या वर. तुम्हीच म्हणालात."

कबूल करायचं हे मी मनाशी ठरवलं होतं. पण तिघांच्या चेहऱ्यावर इतका उत्साह होता की माझ्या तोंडून निघालं, "ती सही... उद्या."

"उद्या?"

"उद्या दाखवू. दुसऱ्या दहा नंबरमध्ये."

सरकारी माणसानं 'उद्या' म्हटलं की आपल्याकडे लोक निमूट मागे फिरतात. तेही फिरले. हा शब्द सगळ्या देशांत चालतो असं दिसतं.

शेजारचं अकरा नंबर मला त्या दिवशी सगळ्यात आपलंसं वाटलं. त्याचं नाव 'दोन ताल', म्हणजे दोन मजली. आहेत तीन मजले. खालचा मजला गाळात गेला होता, तो १८७६ साली सापडला. मजला वाढला, नाव तेच राहिलं. म्हणजे नोंद एकदा झाली की पुढे दगड जरी पुरावा म्हणून उभा राहिला तरी ती बदलायची नाही. हे लेणं बौद्धांचं म्हणतात, मला ते आमच्या आस्थापना शाखेचं वाटलं.

जेवायला तीन वाजले. हॉटेलात पाहुण्यांसाठी 'कॉन्टिनेन्टल' सांगून ठेवलं होतं: पांढऱ्या रश्शात बुडालेल्या भाज्या. पाहुण्यांनी शिष्टाचार म्हणून दोन-दोन घास खाल्ले. पलीकडे ड्रायव्हर मंडळींच्या टेबलावर चाचांपुढे ज्वारीची भाकरी, पिठलं आणि फोडलेला कांदा होता. आधी काका उठले, मग जोडी, मग सगळेच. चाचांनी सगळ्यांना सात-आठ भाषांत 'बसा' म्हटलं. बिलावर मी 'कॉन्टिनेन्टल ६' असंच लिहू दिलं, कारण पिठलं परदेशी पाहुण्यांच्या मंजूर दरपत्रकात नाही.

घृष्णेश्वराला पुरुषांनी गाभाऱ्यात जाताना वरचं वस्त्र काढायचं असतं. मी हे रांगेतच सांगितलं, गाभाऱ्यापाशी सांगायला हवं होतं. काकांनी तिथल्या तिथे शर्ट काढला. फेटा काढला नाही. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारलेल्या त्या तांबड्या देवळासमोर उघडे, गोरेपान, भगव्या फेट्यातले काका शर्टाची घडी हातावर घेऊन उभे होते आणि बायका लेकरांना दाखवत होत्या. एका आजींनी त्यांना वाकून नमस्कार केला. कोणत्या संप्रदायाचे महाराज, असंही मला विचारून झालं.

नारळाचा प्रश्न तिथं सुटला. बाकीचे लोक काय करताहेत ते फ्रेंच बाईंनी नीट पाहिलं आणि नारळ फोडायला दिला. अर्धी वाटी प्रसाद म्हणून परत आली. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, चावला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे नंतरच खायचा होता."

संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत अभिप्रायाचे फॉर्म भरून घ्यायचे होते. 'आज आपणास सर्वात जास्त काय आवडले?' काकांनी लिहिलं, फेटा. जोडीनं लिहिलं, पेरू. फ्रेंच बाईंनी लिहिलं, नारळात समुद्र आहे. जपानी आजोबांनी छताच्या त्या फासळ्यांचं चित्र काढलं होतं, पेन्सिलनं, बारीक. मी ते बघत असताना आजी शेजारी येऊन बसल्या आणि स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही थकला असाल."

माझ्या हातातले फॉर्म खाली पडले.

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं."

"काय?"

"इंग्रजी."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं, एखाद्या खालच्या मजल्यासारखं. म्हणजे कैलासातलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. "तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं, आणि हेच वाक्य काल रात्री साहेबांनी मला विचारलं होतं हे लगेच आठवलं.

"तुमचे गाइड किती कष्टानं जपानी शिकलेत," त्या म्हणाल्या. "मी इंग्रजी बोलले असते तर त्यांनी ते कोणाशी बोलायचं? आणि मला दोन्ही ऐकायला मिळालं. त्यांच्या लेण्यात राजा होता, तुमच्यात वाघ." मग जरा पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "उद्या आपण जाणार ते अजिंठा ना? तिथे स्मिथ परत भेटेल?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग एक विचारायचं होतं. वाघाचं पुढे काय झालं?"

बाहेर चाचा गाडी झाडत होते. मला बघून त्यांनी मागचं दार उघडलं. सीटखाली पाच नारळ एका कोपऱ्यात गोळा झाले होते.

"मॅडम," ते गंभीरपणे म्हणाले, "पाँच जनों की इज्जत गाडी में इच रह गई."

नारळ पिशवीत घालून घरी आले. रात्री अहवाल लिहिला: 'सन्माननीय परदेशी पाहुण्यांनी वेरूळ लेणी, विशेषतः कैलास लेणे पाहून समाधान व्यक्त केले. कार्यक्रम नियोजनानुसार पार पडला.' खाली खर्चाचा तपशील. पेरूची पावती जोडली. श्रीफळे खरेदी ६, वापर १, शिल्लक ५. मोबाइलवर फोटो काढून साहेबांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं. समाधान व्यक्त केल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं: 'शिल्लक श्रीफळे उद्या अजिंठा स्वागतासाठी वापरावीत. एकच नवीन घ्यावे.'

स्वयंपाकघरातून खळखळ आवाज आला. सासूबाईंनी पिशवीतला एक नारळ काढून कानाशी धरला होता.

"पाणी भरपूर आहे गं याला. चटणीला फोडू का?"

"नको आई," मी म्हटलं, "सरकारी आहे."